स्थावर की जंगम? : चिलोए द्वीपसमूहातील गृहस्थलांतराची परंपरा

प्रास्ताविक

घर ही स्थावर मालमत्ता होय, असे आपण गृहीत धरतो. वास्तुवारसा जतन करण्याचे निकषही बहुधा याच गृहीतकावर आधारलेले असतात. दक्षिण चिलीतील चिलोए द्वीपसमूहात मात्र शेतकऱ्याचे लहानसे लाकडी घर भिंती व छपरासह जसेच्या तसे नव्या जागी ओढून नेण्याची प्रथा रूढ झाली. अशा स्थलांतरात अखंड राहते ते नेमके काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

स्पॅनिश वसाहतकारांनी १५६७ मध्ये येथे कास्त्रो हे नगर वसविले. १८२६ मध्ये हा प्रदेश चिलीच्या प्रजासत्ताकात सामील झाला. दाट अरण्यांमुळे लाकूड मुबलक होते. त्यामुळे घरे, नौका आणि चर्च या सर्वांची उभारणी लाकडातच झाली. यांपैकी काही चर्चवास्तूंचा समावेश २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला. सामान्य घरांना खोल पाया नसे. लाकडी खुंटांवर टेकलेला त्यांचा सांगाडा एखाद्या पेटीसारखा उचलता येई. जमीन विकली गेली किंवा किनारा खचला, तरी घर सोडून जावे लागत नसे.

प्रक्रिया

प्रथम घरातील सामान व खिडक्यांच्या काचा काढून घेतल्या जात आणि आतून आडव्या-तिरप्या तुळयांचा आधार दिला जाई. नंतर घराखाली लांब ओंडके घालून बैलजोड्या जुंपल्या जात. खाडी ओलांडायची असल्यास ओहोटीच्या वेळी घर किनाऱ्यावर आणले जाई आणि भरतीच्या पाण्यावर तरंगते ठेवून नौकांनी पैलतीरी ओढले जाई. येथे दोरखंडाइतकेच भरती-ओहोटीचे अचूक ज्ञान महत्त्वाचे होते.

श्रमविनिमय

या सामूहिक कार्यास 'मिंगा' म्हणतात. हा शब्द मूळ केचुआ भाषेतील आहे. शेजारी आपले बैल घेऊन येत. त्यांना मजुरी दिली जात नसे. यजमान सर्वांना जेवण व सफरचंदाची 'चिचा' देई आणि पुढे इतरांच्या कामास जाणे हे त्याचे कर्तव्य ठरे. मराठी वाचकास येथे इर्जिकीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही गावकरी औतासह एकाच्या शेतात जमत, भलरी गात काम उरकीत आणि यजमानाकडे जेवीत. या दोन प्रथांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. तथापि रोख पैसा दुर्मीळ आणि पशुबळ विखुरलेले असलेल्या दोन कृषिसमाजांनी एकाच अडचणीवर सारखेच उत्तर शोधले, हे लक्षणीय आहे.

समारोप

अलीकडच्या काळात चिलोएमध्ये घर ओढण्याचे कार्यक्रम पर्यटकांसाठीही योजले जातात. अशा प्रसंगी घर हलते, परंतु परतफेडीचे बंधन त्यामागे असेलच असे नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर आला आणि इर्जीक बव्हंशी शब्दकोशात उरली. नांगरट थांबली नाही, मात्र एकमेकांच्या बांधावर जाण्याचे कारण संपले. म्हणून अशा परंपरांचे दस्तऐवजीकरण करताना वास्तूची मापे घेणे पुरेसे नाही. कोण कोणाच्या हाकेला गेले आणि ते ऋण कसे फिटले, याचीही नोंद व्हावयास हवी. चिलोएतील घर जागा सोडूनही अखंड राहिले, ते जितके लाकडाच्या सांध्यांमुळे, तितकेच माणसांच्या या देण्याघेण्यामुळे.