विमानातला चित्रपट: एका पडद्यापासून आसनापाठच्या पडद्यापर्यंत

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासात पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत देताना प्रवासी बहुधा एक पुस्ती जोडतात: चित्रपट 'विमानात बघायला बरा' आहे. तिकीट काढून थिएटरात पाहण्याच्या योग्यतेचा तो नाही, पण खुर्चीत जखडलेल्या अवस्थेतले दोन तास तो सुसह्य करतो, असा त्याचा अर्थ. समीक्षेच्या पुस्तकांत या मोजपट्टीला स्थान नाही, आणि तिच्याकडे अभिरुचीची तडजोड म्हणून पाहण्याची सवय आहे. परंतु विमानात चित्रपट दाखवण्याचा शंभर वर्षांचा इतिहास तपासला, तर ही मोजपट्टी यंत्रांच्या मर्यादा, कंपन्यांचे व्यापारी हिशेब आणि उंचावरच्या हवेत शरीरात होणारे बदल यांतून घडली असून प्रेक्षकाच्या आळसाशी तिचा संबंध फार थोडा आहे, असे दिसते.

ही प्रथा सुरू झाली ती निव्वळ जाहिरातीसाठी. ऑगस्ट 1921 मध्ये शिकागो येथे भरलेल्या प्रदर्शनाच्या काळात एअरोमरीन या अमेरिकी कंपनीने आपल्या उडत्या नौकेत, म्हणजे पाण्यावरून उड्डाण करणाऱ्या विमानात, शहरावर घिरट्या घालत 'हाउडी शिकागो' हा शहराची ओळख करून देणारा लघुपट दाखवला. एप्रिल 1925 मध्ये ब्रिटनच्या इम्पिरियल एअरवेजने लंडनहून निघालेल्या हँडली पेज विमानात आर्थर कॉनन डॉइल यांच्या कादंबरीवर आधारलेला 'द लॉस्ट वर्ल्ड' हा मूकपट दाखवला. त्या काळातील चित्रफीत नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडताच भडकणारी असे आणि विमानाचा सांगाडा लाकूड व कापड यांचा असे. हे दोन्ही ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रयोगातील धाडस कळते. मूकपट असणे मात्र सोयीचेच होते, कारण इंजिनांच्या घरघरीत संवाद कोणाला ऐकू गेले नसते. पुढची साडेतीन दशके असे प्रयोग तुरळक होत राहिले. त्यांची रीत पडली नाही.

ती पडली जेट विमानांमुळे. 1958 च्या अखेरीस बोइंग 707 अटलांटिकवरून नियमित उडू लागले आणि प्रवास वेगवान झाला, पण त्याचबरोबर त्यातले पाहण्यासारखेही संपले. पंख्यांची विमाने खालून उडत, त्यामुळे त्यांतून नद्या, शेते आणि गावे दिसत. जेटच्या खिडकीतून बहुतेक वेळ ढगांचा पांढरा थर दिसे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात चित्रपटगृहांची साखळी चालवणाऱ्या डेव्हिड फ्लेक्सर या व्यावसायिकाने ही उणीव नेमकी हेरली. विमान हे प्रवासाचे सर्वांत पुढारलेले साधन आहे आणि सर्वांत कंटाळवाणेही, असे त्याचे मत होते. थिएटरच्या धंद्यातील माणसाला चार-पाच तास जागेवरून न उठणारा प्रेक्षक म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

फ्लेक्सरपुढची खरी अडचण रिळांची होती. 16 मिलिमीटरची चित्रफीत मिनिटाला 36 फूट या वेगाने सरकते, म्हणजे पावणेदोन-दोन तासांच्या चित्रपटासाठी सुमारे चार हजार फूट फीत लागते. थिएटरात त्या काळी चित्रपट अनेक रिळांत विभागलेला असे आणि ती बदलायला ऑपरेटर असे; विमानात त्यासाठी ना माणूस ठेवता येत होता, ना खोली. म्हणून त्याने संपूर्ण चित्रपट मावेल असे सुमारे 25 इंच व्यासाचे एकच रीळ तयार केले आणि जागा वाचावी म्हणून ते आडवे बसवले, जेणेकरून एकदा कळ दाबली की चित्रपट शेवटपर्यंत आपोआप चालावा. जुलै 1961 मध्ये टीडब्ल्यूए कंपनीच्या न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस विमानात, केवळ पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी, लाना टर्नर यांची भूमिका असलेला 'बाय लव्ह पझेस्ड' हा चित्रपट दाखवून नियमित सेवेला आरंभ झाला. समीक्षकांनी या चित्रपटाची फारशी वाखाणणी केली नव्हती. ही प्रथा एका सामान्य चित्रपटापासून सुरू झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण विमानातील चित्रपटाची निवड पुढेही श्रेष्ठतेच्या निकषावर क्वचितच झाली.

आवाजाचा प्रश्न 1963 च्या सुमारास ज्या साधनाने सुटला, ते आज पाहणाऱ्यास विलक्षण वाटेल. खुर्चीच्या हातात बारीक भोके असत आणि त्यांच्या आत लहान ध्वनिक्षेपक बसवलेला असे. प्रवाशाला दिल्या जाणाऱ्या साधनात तार नसे, तर डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्या पोकळ नळ्या असत. त्यांचे टोक भोकांत खुपसले की आवाज नळीतील हवेतून कानापर्यंत पोहोचे. नळी जराशी दुमडली तरी आवाज दबे. तरीही ती स्वस्त, हलकी आणि विमानाबाहेर निरुपयोगी, त्यामुळे चोरीचे भय नसलेली होती, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती टिकली. आंतरराष्ट्रीय मार्गांवरचे भाडे त्या वेळी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेत ठरत असे. भाड्यात चढाओढ करता येत नसल्याने ती जेवणात, मद्यात आणि आता चित्रपटांत होऊ लागली. ज्या कंपन्यांना यंत्रणेचा खर्च झेपत नव्हता त्यांनी यावर आक्षेप घेतला आणि तडजोड म्हणून कानाच्या नळ्यांचे वेगळे पैसे आकारण्याची रीत पडली. पडदा सर्वांना दिसे, पण पैसे न देणाऱ्याला तो मूकपट असे.

सर्वांसाठी एकच पडदा, ही या काळातील सर्वांत निर्णायक गोष्ट ठरली. थिएटरात न आवडलेल्या चित्रपटातून उठून जाता येते. विमानात मान दुसरीकडे वळवण्यापलीकडे सुटका नव्हती, आणि शेजारी लहान मूल, धर्मोपदेशक किंवा उड्डाणाला घाबरणारी व्यक्ती कोणीही असू शकत असे. त्यामुळे कोणालाच खटकणार नाही असा चित्रपट निवडणे आणि त्यातील खटकणारा भाग काढणे हे स्वतंत्र काम बनले. अशा कापलेल्या प्रतीला व्यवसायात 'एअरलाइन आवृत्ती' म्हणतात. तीत नग्नता आणि शिव्या तर गाळल्या जातच, शिवाय विमान अपघाताची दृश्येही कटाक्षाने गाळली जात. 'रेन मॅन' या 1988 च्या चित्रपटात नायकाचा भाऊ अपघातांची यादी सांगून क्वांटासखेरीज कोणत्याही विमानात बसण्यास नकार देतो. हा प्रसंग अनेक कंपन्यांनी काढून टाकला, क्वांटासने मात्र तो ठेवला. 'द क्वीन' या 2006 च्या चित्रपटाच्या एका विमानप्रतीत तर अतिउत्साही संपादनामुळे 'गॉड' हा शब्दच जागोजागी पुसला गेला होता. अशा प्रतीवरून चित्रपटाला गुण देणाऱ्या प्रवाशाने मूळ कलाकृती पाहिलेलीच नसे, आणि आपण काय पाहिले नाही हेही त्याला कळत नसे. दिग्दर्शकावर आणि प्रेक्षकावर एकाच वेळी झालेला हा अन्याय चित्रपटाच्या इतिहासात पुरेसा नोंदला गेलेला नाही.

बदल घडला तो 1988 मध्ये, नॉर्थवेस्ट कंपनीच्या बोइंग 747 विमानात आसनाला जोडलेले जेमतेम पावणेतीन इंचांचे पडदे बसवले गेले तेव्हा. 1990 च्या दशकात व्हर्जिन अटलांटिक आणि एमिरेट्स यांसारख्या कंपन्यांनी सर्व वर्गांतील प्रवाशांपुढे स्वतंत्र पडदा आणला, आणि पुढे 'मागणीनुसार' पद्धतीने, म्हणजे ज्याने त्याने आपला चित्रपट हवा तेव्हा सुरू करण्याच्या सोयीने, निवडीचे अधिकार कंपनीकडून प्रवाशाकडे गेले. या संक्रमणाला एक दुःखद किनारही आहे. 2 सप्टेंबर 1998 रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअरचे एमडी-11 विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व 229 जण मृत्युमुखी पडले. चालककक्षाच्या छताआड तारांमध्ये ठिणगी पडून भोवतीच्या ज्वलनशील आवरणाने पेट घेतल्याचे तपासात आढळले. आगीच्या उगमस्थानी सापडलेल्या ठिणगीच्या खुणांपैकी एक नव्याने बसवलेल्या करमणूक यंत्रणेच्या तारेवर होती. तीच पहिली होती की नाही हे निश्चित ठरले नाही, पण ती यंत्रणा ज्या पद्धतीने विमानाला जोडली आणि प्रमाणित केली गेली तिच्यातील दोष उघड झाले. करमणुकीच्या तारांचीही तितक्याच कसोशीने तपासणी व्हायला हवी, हा धडा इतकी माणसे गमावून मिळाला.

स्वतंत्र पडदा आल्यावर कात्री थांबेल असे वाटले होते; ती पूर्णपणे थांबली नाही. 2019 मध्ये 'बुकस्मार्ट' आणि 'रॉकेटमन' या चित्रपटांतील समलिंगी प्रेमाची दृश्ये एका विमानसेवेतील प्रतीतून गायब असल्याचे उघड झाले तेव्हा 'बुकस्मार्ट'च्या दिग्दर्शिका ऑलिव्हिया वाइल्ड यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली, आणि ती रास्तच होती.

गुणांकनाच्या प्रश्नाकडे वळताना प्रेक्षकाच्या शरीराचा विचार टाळता येत नाही. प्रवासी विमानाच्या आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरील हवेइतका राखला जातो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे 5,400 फुटांचे आहे, म्हणजे विमानातला प्रेक्षक त्याच्याही माथ्याहून विरळ हवेत तासन्‌तास बसलेला असतो. हवा कोरडी असते, झोप मोडलेली असते आणि इंजिनांचा संथ गडगडाट खालच्या पट्टीतले आवाज गिळत असतो. विमानात रडू लवकर येते हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की 2011 मध्ये व्हर्जिन अटलांटिकने काही चित्रपटांआधी प्रेक्षकांना अश्रूंविषयी सूचना देण्याची कल्पना राबवली. त्याचे कारण विरळ हवा, थकवा की घरापासूनचे तुटलेपण, याविषयी एकवाक्यता नाही. एवढे खरे की भव्य दृश्यांवर आणि शांततेवर उभा असलेला चित्रपट तिथे हरतो, तर चेहऱ्यांवर आणि खणखणीत संवादांवर चालणारा कौटुंबिक किंवा विनोदी चित्रपट जिंकतो. 'विमानात बरा' हा शेरा या दृष्टीने अचूक आहे: पाहणाऱ्याने चित्रपटाबरोबर पाहण्याची परिस्थितीही प्रामाणिकपणे नोंदलेली असते, जे थिएटरातल्या समीक्षकाला क्वचितच सुचते.

मराठी प्रेक्षकाला या कथेत जागा मिळाली ती अलीकडे. पडद्यांची साठवण वाढली तशी हिंदी, तमिळ आणि मल्याळम चित्रपटांच्या जोडीने मराठी चित्रपटही काही विमानांच्या यादीत दिसू लागले. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचा थेट प्रवास पंधरा तासांहून अधिक असतो. मुलांकडे निघालेल्या, इंग्रजी उपशीर्षकांचा वेग न झेपणाऱ्या वृद्ध आईवडिलांच्या दृष्टीने त्या यादीत आपल्या भाषेचे नाव असणे ही मोठी गोष्ट आहे. काही यंत्रणा चित्रपट संपल्यावर तारे देण्यास सांगतात. तिथे मात्र एका नित्याच्या प्रसंगाची सोय नाही. विमान उतरू लागते, घोषणा होते, चित्र थांबते, कानातले साधन काढून घेतले जाते, आणि शेवटची वीस मिनिटे राहून गेलेला तो चित्रपट पुन्हा कधी, कोणत्या विमानात भेटेल याचा पत्ता नसताना प्रवासी सामान काढायला उठतो.