मॉन्टगोमेरीचं सायक्लोस्टाईल आणि पर्वतीचा धोंडा



अमेरिकेला जाऊन आलात, काहीतरी लिहा, असा तुमचा निरोप दोनदा आला. प्रवासवर्णन मी लिहिणार नाही. तिकडचे रुंद रस्ते आणि उंच इमारती आपल्या पांढरपेशा लेखकांनी वाचकांना पुरेशा दाखवून झाल्यात. मला एका गावाच्या इतिहासाबद्दल लिहायचंय. आणि तो इतिहास आम्ही तुमच्या वयाचे असताना कसा अर्धवट सांगितला, त्याबद्दल.

गावाचं नाव मॉन्टगोमेरी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याची राजधानी. वस्ती दोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबानं एखादं जिल्ह्याचं गाव. माझा पुतण्या अटलांटात नोकरीला आहे. तिथून हे गाव पुण्याहून सोलापूर जेवढं, तेवढं लांब. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर आम्ही मोटारीनं गेलो. हवा पुण्यातल्या डिसेंबरसारखी. सकाळी स्वेटर घालायचा, दुपारी काढून हातात धरायचा. ओकची पानं रस्त्याच्या कडेला साचलेली. सणाची सुट्टी, कचेऱ्या बंद, रस्त्यावर माणूस नाही.

गावाच्या मधोमध एक चौक आहे. कोर्ट स्क्वेअर. मध्ये कारंजं. या चौकात गुलामांचे लिलाव व्हायचे. तिथून चढाचा एक सरळ रस्ता निघतो, तो राज्याच्या विधानभवनाशी जाऊन थांबतो. चालत पंधरा मिनिटं. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली, तेव्हा त्यांच्या अध्यक्षानं १८६१ च्या फेब्रुवारीत याच विधानभवनाच्या पायऱ्यांवर शपथ घेतली. तो जिथं उभा राहिला तिथं पितळेची चांदणी बसवलेली आहे. आणि त्याच रस्त्यावर, पायऱ्यांच्या हाकेच्या अंतरावर, लाल विटांचं एक चर्च आहे. १९५४ पासून मार्टिन ल्यूथर किंग तिथं धर्मोपदेशक होते. लिलावाचा चौक, गुलाम ठेवणाऱ्यांचं सिंहासन आणि किंगचं चर्च, सगळं एका रस्त्यावर. मी तो रस्ता दोनदा चाललो.

आता अर्धवट सांगितल्याची गोष्ट. १९७४ साली मी कॉलेजात होतो. मंगळवार पेठेतल्या एका खोलीत आम्ही चार-पाच जण अंक काढायचो. स्टेन्सिल कापायची, मशीनचं हँडल फिरवायचं, सकाळी शाईनं काळे झालेले हात घेऊन वर्गात बसायचं. त्या अंकात मी मॉन्टगोमेरीवर लेख लिहिला होता. त्याचं सार एवढंच: कामावरून थकून आलेली शिवणकाम करणारी एक बाई, रोझा पार्क्स, हिनं गोऱ्या माणसाला बसमधली जागा दिली नाही, तिला अटक झाली, मग किंग उभे राहिले आणि क्रांती झाली. दीड पानात सगळं उरकलं.

खरं काय झालं? रोझा पार्क्स त्या दिवशी, १ डिसेंबर १९५५ ला, फक्त थकलेली बाई नव्हती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या गावातल्या शाखेची ती कितीतरी वर्षं चिटणीस होती. तिला जामिनावर सोडवून आणायला गेला तो ई. डी. निक्सन रेल्वेच्या डब्यात हमाली करणाऱ्यांच्या युनियनचा पुढारी. आणि तिच्या आधी नऊ महिने, मार्चमध्ये, क्लॉडेट कॉल्विन नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरीनं हेच केलं होतं. तिलाही पोलिसांनी ओढून नेलं होतं. तिचं नाव आम्ही कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

आणि ती रात्र. पार्क्सला अटक झाली गुरुवारी संध्याकाळी. गावातल्या काळ्यांच्या कॉलेजात जो अ‍ॅन रॉबिन्सन नावाची इंग्रजीची प्राध्यापिका होती, काळ्या बायकांच्या राजकीय मंडळाची अध्यक्षा. बसमधल्या अपमानाबद्दल तिनं १९५४ च्या मे महिन्यातच महापौराला पत्र लिहून बजावलं होतं की, बसनं जाणारे चारात तीन काळे आहेत. आम्ही बसायचं सोडलं तर तुमच्या बस चालतील कशा? म्हणजे बहिष्काराचा विचार दीड वर्ष आधीपासून शिजत होता. अटकेची बातमी कळली तशी ती मध्यरात्री कॉलेजात गेली. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत. तिघींचौघांनी मिळून कॉलेजच्या सायक्लोस्टाईल मशीनवर पत्रक काढलं. एका कागदावर तीन पत्रकं, मग कापायची. पहाटे चारपर्यंत पस्तीस हजारांच्या वर पत्रकं तयार. सोमवारी बसमध्ये बसू नका, एवढीच हाक. कॉलेज सरकारी. कळलं असतं तर नोकरी गेली असती. दुसऱ्या दिवशी शाळा, दुकानं, कारखाने, केस कापायची सलूनं, सगळीकडं पत्रकं पोचली. रविवारी गोऱ्यांच्या वर्तमानपत्रानं त्यावर बातमी छापली, आणि ज्यांना पत्रक मिळालं नव्हतं त्यांनाही कळलं!

५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. एक दिवसाची हाक होती, लढा चालला ३८१ दिवस. तोवर किंगना गावात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. पुढारी म्हणून त्यांना निवडलं ते ५ तारखेच्या दुपारी, म्हणजे बस रिकाम्या धावल्यानंतर. मी किंगना कमी लेखत नाही. त्यांच्या घरावर बाँब पडला तरी ते हटले नाहीत. पण मशीनचं हँडल आधी फिरलं होतं.

३८१ दिवस लोक चालले. मोलकरणी चालल्या, म्हाताऱ्या चालल्या. शेकडो खासगी मोटारींची सोय लावली. पेट्रोलला पैसा कुठून? जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती. तिनं बायका जमवल्या. घरी कोंबडी तळायची, गोड पाय भाजायचे, विकायचे, पैसे लढ्याला द्यायचे. मंडळाचं नाव काय ठेवलं? ‘कुठलाच नाही असा क्लब’. पैसे कुठून आले विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, कुठूनच नाही. कारण नाव फुटलं असतं तर या बायकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. आणि कोर्टात जो खटला जिंकला तो चार बायकांनी केला होता. त्यांत ती पंधरा वर्षांची पोर क्लॉडेट होती. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १३ नोव्हेंबर १९५६ ला निकाल कायम केला. २१ डिसेंबरला काळे लोक बसमध्ये पाहिजे त्या जागेवर बसले.

या तारखा आपल्या तारखांशेजारी ठेवून बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, लाखोंना दिली, तेव्हा मॉन्टगोमेरीचे लोक दहा महिने पायी चालत होते. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी तिथली बस खुली झाली. दोन्हीकडचे लोक एकाच वेळी चालत होते, आणि एकमेकांना ठाऊक नव्हते.

पँथरचंही असंच. आम्हाला वाटायचं पँथर म्हणजे ओकलंड शहर, चामड्याची जाकिटं, हातात बंदूक. पँथर मुळात मॉन्टगोमेरीच्या शेजारच्या लाउन्डिस जिल्ह्यातला. तिथं शंभरात ऐंशी माणसं काळी, बहुतेक परक्याच्या जमिनीवर राबणारी. १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यातला एकही नव्हता. त्यांनी नावं नोंदवली, मालकांनी जमिनीवरून हाकललं, ते तंबूत राहिले. मग स्वतःचा पक्ष काढला. निरक्षर मतदारासाठी चिन्ह लागतं, आपल्यासारखंच. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं हत्ती घेतला होता, त्यांनी काळा पँथर घेतला. १९६६ च्या नोव्हेंबरात निवडणूक लढवली, हरले. तेच चित्र ओकलंडच्या पोरांनी उचललं, आणि १९७२ साली त्या नावावरून मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे आपल्या पँथरचा मूळ पुरुष भूमिहीन शेतमजूर आहे. गाव सोडून शहरात भाषणं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरचं स्मारक बघितलं. २०१८ साली उघडलं. १८७७ ते १९५० या काळात जमावानं ठार मारलेल्या काळ्यांचं. चार हजार चारशेच्या वर माणसं. गंजक्या रंगाचे लोखंडी खांब, आठशेच्या वर, एकेका जिल्ह्याचा एकेक. त्यावर नावं आणि तारखा कोरलेल्या. सुरुवातीला खांब आपल्या उंचीला असतात. चालता चालता जमीन खाली जाते आणि खांब डोक्यावर लटकायला लागतात. जिथं नाव मिळालं नाही तिथं ‘अज्ञात’ असं कोरलंय. बाहेर अंगणात प्रत्येक खांबाची जोडी आडवी ठेवलीय. ज्या जिल्ह्यानं खून पाहिले त्यानं ती घेऊन जावी आणि आपल्या गावात उभी करावी, म्हणून.

मला १८७७ हा आकडा टोचला. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात ‘गुलामगिरी’ काढली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा. आणि चारच वर्षांत, १८७७ ला, सरकारनं दक्षिणेतून लष्कर काढून घेतलं, काळ्यांना जुन्या मालकांच्या हवाली केलं. जोतिरावांची आशा खोटी होती असं मी म्हणत नाही. कायद्यानं मुक्ती झाली. पण कायदा राबवायला कुणी उभं राहिलं नाही की काय होतं, ते या खांबांवर लिहिलंय. आपल्याकडं १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्यानंतर सतरा वर्षांनी खैरलांजी झालं. तिथं मारल्या गेलेल्या चौघांची नावं न अडखळता सांगता येतात का, स्वतःला विचारा.

खांबांखाली एक म्हातारा काळा गृहस्थ नातीला घेऊन आपला जिल्हा शोधत होता. बोलणं झालं. मी कुठला, काय, सांगितलं. त्यानं विचारलं, “तुमच्याकडं असं आहे का, नावं लिहिलेलं?”

मी भीमा कोरेगाव सांगितलं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्या खांबावर आहेत, त्यात बावीस नावं ‘नाक’ लावलेली, आपली. कंपनी सरकारनं आपल्या फौजेच्या अभिमानासाठी कोरली. पण कोरली म्हणून १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले, आणि आज दर वर्षी लाखो जातात. म्हातारा म्हणाला, “आणि तुम्ही स्वतः लिहिलेली?”

मला आजी आठवली.

आमच्या आजीच्या कपाळावर डाव्या बाजूला खोल व्रण होता. विचारलं की म्हणायची, “पर्वतीचा धोंडा हाय त्यो.” पुण्यात १३ ऑक्टोबर १९२९ ला पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढं होते. हे कांबळे म्हणजे १९०८ साली पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढणारे. देवळाचे दरवाजे बंद केले गेले, दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. सत्याग्रह १९३० च्या जानेवारीपर्यंत चालला. आजी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, बापाचं बोट धरून गेली होती. नेमका कुठला दिवस, मला माहीत नाही. धोंडा लागला तेव्हा बापानं धोतराचा सोगा फाडून बांधला, एवढं आठवतं. आणि ती नावं घ्यायची. अमक्याची सून, तमक्याचा भाऊ, कॅम्पातला कोण, दापोडीचा कोण. पंधरा-वीस नावं, ओवीसारखी, एका दमात. आम्ही “बरं बरं” म्हणायचो.

ती १९८१ ला गेली. त्यांतलं एकही नाव आज मला सांगता येत नाही.

मित्रांनो, जो अ‍ॅन रॉबिन्सनचं पुस्तक आलं १९८७ साली. तिनं स्वतः लिहिलं म्हणून ती रात्र जगाला कळली. म्हणजे १९७४ ला मला मॉन्टगोमेरी अर्धीच ठाऊक होती, हा माझा गुन्हा नाही. पण आजी त्याच घरात, चुलीपाशी बसलेली होती. मी रात्रभर मशीन फिरवून अलाबामाच्या बाईवर लेख छापत होतो. घरातल्या बाईला कागद घेऊन विचारलं नाही. सवर्णांनी आपला इतिहास दाबला, हे खरंच आहे, ते शंभरदा बोला. पण हा एक तुकडा त्यांनी नाही दाबला. मी घालवला.

परत आल्यावर मी एका सकाळी पर्वती चढलो. फिरायला आलेल्या दहा जणांना विचारलं, १९२९ ला इथं काय झालं होतं? एकालाही सांगता आलं नाही. त्यांत दोघं आपलेच होते.

पर्वतीवर गेलेले आता कुणी उरले नाहीत. पण नामांतरासाठी १९७८ पासून सोळा वर्षं लढलेले आहेत. लाँग मार्चमध्ये चाललेल्या, तुरुंगात गेलेल्या, भाकऱ्या बांधून देणाऱ्या बाया आज सत्तरी-पंच्याहत्तरीला आल्यात. ताडीवाला रोडला आहेत, भीमनगरात आहेत, तुमच्या घरात आहेत. पुढाऱ्यांची नावं पुस्तकांत आली. यांची कुठंच नाहीत.

तेव्हा माझी एकच मागणी. पुढच्या अंकात कविता दोन कमी घ्या. प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या एका म्हातारीकडं कागद-पेन घेऊन जावं. कोण कोण होतं, कुठून निघालात, खाल्लं काय, मारलं कुणी, हे विचारावं. ती जेवढी नावं घेईल तेवढी, चुकीची-बरोबर कशीही, लिहून घ्यावीत. मग स्टेन्सिल कापा.

हँडल फिरवायला मी येतो. हात अजून चालतात.

जयभीम.