शंकुमंत वृक्षांची उद्यानासाठी निवड : नेरडीगोंडा परिसर

ज्या वृक्षांचे बी फळाच्या कोशात झाकलेले नसून शंकूच्या खवल्यांवर उघडे असते, आणि ज्यांची पाने बहुधा सुईसारखी, खवल्यांसारखी किंवा अरुंद पट्ट्यासारखी असून वर्षभर हिरवी राहतात, त्यांना शंकुमंत वृक्ष म्हणतात. जगात त्यांच्या सहाशेहून अधिक जाती असून देवदार, चीड, सरू, मोरपंखी, जुनिपर, अरोकेरिया व पोडोकार्पस हे त्यांपैकी भारतीय उद्यानांत परिचित असलेले प्रकार होत. प्रस्तुत नोंदीत आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंडा आणि त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून या वृक्षांच्या निवडीचा विचार केला आहे.

नेरडीगोंडा हे नागपूर–हैदराबाद राजमार्गावर निर्मळ व आदिलाबाद यांच्या दरम्यान वसलेले मंडलाचे ठाणे असून, तेथून सुमारे १२ किमी. अंतरावर कडेम नदीचा कुंतला धबधबा आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असलेल्या, १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात व २०१४ मध्ये तेलंगण राज्यात समाविष्ट झालेल्या या प्रदेशात मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषा नित्याच्या व्यवहारात आहेत. येथील नैसर्गिक वन सागाचे, म्हणजे उन्हाळ्यात पानगळ होणारे. आणि शंकुमंत वृक्षांच्या निवडीतील मुख्य अडचणीचे सूचन या एकाच वस्तुस्थितीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा येथील रानातील बहुतेक झाडे पाने टाकून आपले पाणी राखतात. सदाहरित शंकुमंत वृक्षाला ही सोय नसते, आणि त्याच्या काष्ठात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद वाहिन्यांऐवजी केवळ अरुंद वाहककोशिका असल्याने, कोरड्या झळांत पानांतून जाणाऱ्या पाण्याची भरपाई त्याला त्वरेने करता येत नाही. पुढे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाच्या पावसाचा बहुतांश भाग कोसळून काळी कन्हार जमीन तुडुंब होते व मुळांची हवा कोंडली जाते. वैशाखाची होरपळ आणि श्रावणातील चिखल या दोन्ही परीक्षांतून जे झाड पार पडेल तेच येथे निवडावे. रोपवाटिकेतील हिवाळी टवटवी हा निवडीचा आधार होऊ शकत नाही.

दक्षिण भारतीय द्वीपकल्पात आज निसर्गतः आढळणारा शंकुमंत वृक्ष एकच, तो म्हणजे पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील आर्द्र अरण्यांतला नागेया वालिचियाना. तथापि हे चित्र सर्वकाळ असे नव्हते. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील आसिफाबादजवळच्या गंगापूर येथील क्रिटेशसकालीन खडकांत ब्रॅकिफायलम, पॅजिओफायलम, इलॅटोक्लॅडस आदी शंकुमंत वनस्पतींचे जीवाश्म सापडले आहेत; म्हणजे सागाच्या या मुलुखात एके काळी या कुळांची अरण्ये होती. परंतु त्या काळचे हवामान आज नाही, आणि जीवाश्मांवरून आजच्या लागवडीची शिफारस करणे युक्त नव्हे.

हिमालयीन वृक्षांचा मोह प्रथम सोडावा. कालिदासाच्या रघुवंशात शंकराने पुत्रवत् मानलेला देवदार सामान्यतः १,५०० ते ३,००० मीटर उंचीवर, हिवाळी बर्फाच्या प्रदेशात वाढतो. नेरडीगोंड्याच्या अंगणात तो लावणे म्हणजे एका भव्य वृक्षाला हालहाल करून मारणे होय. चीड तुलनेने सोशिक असला तरी त्याच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांवाचून त्याचे रोप खुरटते, आणि चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह न मिळाल्याने त्याची पाने पिवळी पडतात. या दोन्ही वृक्षांसाठी पैसा व पाणी खर्च करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या परिसरासाठी सर्वांत भरवशाची म्हणजे मोरपंखी. हिचे मूळ स्थान चीन व कोरिया. शाळकरी मुले जिचे पान विद्या म्हणून पुस्तकात जपतात तीच ही. चुनखडीची जमीन, उन्हाळी ताप आणि मध्यम दुष्काळ या तिन्ही गोष्टी ती सोसते. मात्र साचलेले पाणी सोसत नाही. सोनेरी छटेचे बुटके, अंडाकृती वाण लहान आवाराला शोभतात, परंतु दुपारच्या तीव्र उन्हात त्यांच्या पानांची टोके करपतात, म्हणून त्यांना पश्चिमेकडून भिंतीची अथवा मोठ्या झाडाची विरळ सावली द्यावी. चिनी जुनिपर हा मोरपंखीइतकाच काटक असून कुंपणासाठी वा पायवाटेच्या कडेसाठी उत्तम होय. फार्सी काव्याने प्रियेच्या बांध्याची उपमा करून ठेवलेला आणि मोगल उद्यानांत मानाचे स्थान पावलेला सरू हा भूमध्यसागराच्या पूर्वेकडील व इराणच्या कोरड्या प्रदेशांचा रहिवासी असल्याने उन्हाला भीत नाही, पण तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो. येथील उष्ण पावसाळ्यात त्याची मुळे सडण्याचा धोका असल्यामुळे निचऱ्याच्या उताराखेरीज तो लावू नये. बाजारात सुरू या नावाने मिळणारे, कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेले झाड सुईदार दिसत असले तरी शंकुमंत नव्हे; ते सपुष्प वनस्पतींपैकी असून त्याच्या सुया ही पाने नसून बारीक सांधेदार डहाळ्या असतात.

अरोकेरियाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण लोक ज्या झाडाला ख्रिसमस ट्री म्हणून हौसेने घरी आणतात ते बहुधा हेच असते, आणि त्याच्या बाबतीत निराशाही सर्वाधिक येते. नॉरफोक बेटाचा म्हणून विकला जाणारा वृक्ष आपल्याकडे पुष्कळदा न्यू कॅलेडोनियातील अरोकेरिया कोलम्नॅरिस असतो. मडक्यातील हात-दीड हात उंचीचे हे नाजूक रोप मोकळ्या जमिनीत तीस मीटरच्याही वर जाऊ शकते, याचे भान ठेवून घर, विहीर व विजेच्या तारा यांपासून ते दूर लावावे. या जातीचे खोड विषुववृत्ताच्या दिशेने कलते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवून दिले आहे. तेव्हा आपल्या उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची बाजू मोकळी सोडणे शहाणपणाचे. त्याचा शेंडा एकदा मोडला की मजल्यामजल्यांची ती रेखीव आकृती पूर्ववत होत नाही, आणि बाजूच्या फांदीचे कलम केले तर ते उभे न वाढता आडवेच वाढत राहते. म्हणून रोप बियांपासून अथवा शेंड्याच्या कलमापासून केलेले आहे, याची खात्री करूनच ते घ्यावे.

सावलीच्या कोपऱ्यासाठी पोडोकार्पस योग्य होय. त्याला नियमित पाणी लागते. ते देता येत असेल तर दाट, कापता येणारे कुंपण होते.

लागवडीची तजवीज उन्हाळ्यातच करावी. एप्रिल-मे महिन्यांत दोन-अडीच फूट लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा खणून तापू द्यावा. खड्ड्यातील काळ्या मातीत मुरूम, नदीची भरड वाळू व कुजलेले शेणखत मिसळून भरणी करावी, आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच उंचवटा करून त्यावर रोप बसवावे. भारी काळ्या जमिनीत नुसता खड्डा केला तर पावसाचे पाणी त्यात साठून राहते, आणि शंकुमंत रोपे मरण्याचे ते सर्वांत मोठे कारण होय. पिशवी काढल्यावर मुळे गोल वेटोळी झालेली दिसली तर ती सोडवावीत किंवा छाटावीत, अन्यथा काही वर्षांनी तीच मुळे खोडाला आवळतात. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडून कोवळी मुळे तुटतात, यासाठी बुंध्यापासून थोडे अंतर सोडून आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. कोरड्या हवेत पानांवर लाल कोळ्यांचा उपद्रव होऊन मोरपंखी तांबूस पडते. आठवड्यातून एकदोनदा सकाळी पाने पाण्याने धुतल्यास तो पुष्कळ आवरतो. वाळवीसाठी भरणीतच निंबोळी पेंड घालण्याची पद्धत आहे.

छाटणीत एक मर्यादा कधीही ओलांडू नये. मोरपंखी व जुनिपर यांच्या आतल्या पर्णहीन, तपकिरी लाकडातून सहसा नवे धुमारे फुटत नाहीत. म्हणून वाढ हिरव्या पट्ट्यापुरतीच, थोडी थोडी कापावी. एकदा आतपर्यंत कापलेल्या कुंपणातील भगदाड भरून येत नाही व झाड बदलावेच लागते.

आवार कितीही मोठे असले तरी या परिसरात शंकुमंत वृक्ष संख्येने थोडे असावेत, आणि उरलेली जागा मोह, पळस, बेल, आवळा या येथील झाडांना द्यावी, अशी नेरडीगोंड्यात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे.