मुद्रणातील कागदधारण

मुद्रणातील कागदधारण : छपाई चालू असताना कागद ठरलेल्या जागी व सपाट राहावा म्हणून योजण्यात येणाऱ्या यांत्रिक, वायुदाबीय आणि विद्युतीय पद्धतींचा येथे विचार केला आहे. मुद्रणाच्या इतिहासात अक्षरांचे खिळे, शाई, दाब देणारे यंत्र यांची माहिती विस्ताराने दिली जाते. कागद धरण्याच्या साधनांकडे मात्र क्वचितच लक्ष वेधले जाते. याचे मुख्य कारण असे की, सु. पाचशे वर्षे कागद सपाट करण्याचे काम मुद्रणाचा दाबच करीत आला. कागदाला स्पर्श न करता छापणारी इंकजेट (शाईतुषार) पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली, तेव्हा हा आयता मिळणारा सपाटपणा नाहीसा झाला आणि तो स्वतंत्र उपायांनी मिळविणे भाग पडले.

हातयंत्राचा काळ : योहान गूटेनबेर्क (मृत्यू १४६८) याने माइन्त्स येथे इ. स. १४५५ च्या सुमारास पूर्ण केलेल्या बायबलच्या कागदांवर समासात टाचणीने पाडल्यासारखी छिद्रे आढळतात. पाठपोट छपाईत दोन्ही बाजूंचा मजकूर एकमेकांशी जुळावा म्हणून कागद टोकदार सुयांवर अडकवीत. पहिली बाजू छापताना पडलेली छिद्रे दुसऱ्या बाजूच्या वेळी पुन्हा त्याच सुयांवर बसविली की, कागद आपोआप मूळ जागी येई. पुढील काळातील लाकडी हातयंत्रांत कागद चर्मपत्र ताणून बसविलेल्या चौकटीवर ठेवीत आणि त्यावर दुसरी हलकी चौकट मिटीत. या दुसऱ्या चौकटीत मजकुरापुरती जागा कापलेली असे. त्यामुळे कागद धरला जाई व समासास शाई लागत नसे. गोव्यात १५५६ मध्ये आलेला भारतातील पहिला छापखाना याच हातयंत्रांच्या काळातील होय.

छपाईपूर्वी कागद ओलसर करण्याची चाल होती. ओल्या कागदाचे तंतू मऊ पडतात व तो खिळ्यांवर नीट बसतो. ओलीमुळे कागदास लाटा पडल्या, तरी दाबपाट खाली येताच त्या दबून जात. त्या काळी पाणी हे मुद्रकाचे साहाय्यक होते. पुढे इंकजेटमध्ये तेच अडचणीचे मुख्य कारण ठरले.

दंडगोल यंत्रे व अखंड कागद : फ्रीड्रिख कनिख (१७७४–१८३३) या जर्मन यंत्रज्ञाने बनविलेल्या वाफेच्या दंडगोल यंत्रावर लंडनच्या द टाइम्स या दैनिकाचा २९ नोव्हेंबर १८१४ चा अंक छापला गेला. या यंत्राचा वेग तासास सु. १,१०० ताव होता. फिरत्या दंडगोलाभोवती ताव नेण्यासाठी आरंभीच्या यंत्रांत फितींचा उपयोग करीत. १८२० नंतरच्या दशकात डेव्हिड नेपिअर याच्या यंत्रांमुळे चिमट्यांचा वापर पुढे आला. तावाची पुढची कड चिमट्यांत घट्ट धरली जाते आणि छपाई होताच चिमटे उघडतात. एकेक ताव छापणाऱ्या ऑफसेट यंत्रांतही ताव धरण्याचे हेच तत्त्व कायम राहिले.

अमेरिकन संशोधक विल्यम बुलक (१८१३–६७) याने १८६५ मध्ये रिळावरील अखंड कागद घेणारे चक्रीय यंत्र प्रचारात आणले. अखंड कागदाच्या यंत्रांत चिमट्यांची जागा ताणाने घेतली. रीळ किंचित रोखून धरावयाचे व पुढचे रूळ कागद ओढीत राहावयाचे, यामुळे कागद ताठ राहतो. ताण कमी पडला तर कागद सैल पडून अक्षरे सरकतात. तो वाढला तर कागद फाटतो. यांपैकी प्रत्येक यंत्रात शाई कागदावर उतरते त्या क्षणी तो दोन पृष्ठांमध्ये दाबला गेलेला असतो. टंकलेखन यंत्रात अक्षराचा घाव रबरी रुळावर बसतो, तेथेही तोच प्रकार होय. संगणकाच्या आघाती मुद्रकांत कागदाच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडून ती दातेरी पट्ट्यांत गुंतवीत. गूटेनबेर्कच्या काळातील सुयांचेच हे निराळे रूप म्हणता येईल.

स्पर्शरहित मुद्रणाचा उदय : विल्यम टॉमसन, लॉर्ड केल्व्हिन (१८२४–१९०७) यांनी १८६७ मध्ये समुद्री तारांवरून येणारे क्षीण संदेश नोंदविण्यासाठी वक्रनलिका अभिलेखकाचे एकस्व घेतले. बारीक काचनळीतील शाईला विद्युत् भार दिल्याने ती थेंबांच्या रूपाने सरकत्या कागदी फितीवर उडे. नळी कागदास टेकत नसल्याने घर्षण टळे. द्रवाची धार थेंबांत का विभागते याचे गणिती विवेचन लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) यांनी १८७८ मध्ये केले. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट (१९०६–९६) यांनी हृदयाच्या विद्युत् आलेखासारख्या नोंदींसाठी शाईच्या धारेचा अभिलेखक तयार केला व १९५१ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील रिचर्ड स्वीट यांनी थेंबांना भार देऊन हवे तेथे वळविण्याची पद्धती १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. या आरंभीच्या नोंदयंत्रांत कागद अरुंद फितीच्या रूपात असल्याने त्याच्या सपाटपणाचा प्रश्न फारसा जाणवला नाही.

इंकजेट लहान मुद्रकांत आली ती १९७० नंतरच्या संशोधनामुळे. शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोराने थेंब बाहेर टाकण्याची पद्धती जपानमधील कॅनन आणि अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांत स्वतंत्रपणे विकसित झाली. ह्यूलेट-पॅकार्डचा थिंकजेट हा मुद्रक १९८४ मध्ये बाजारात आला. अशा मुद्रकांत मुद्रणशीर्ष आडवे सरकते, त्या वेळी कागद थांबलेला असतो. एक पट्टी छापून झाल्यावर तो थोडा पुढे ओढला जातो. कागदाखालील आधारपट्टीवर उंचवटे ठेवले की, भिजलेला कागद मधल्या खाचांत झुकतो व शीर्षाला लागत नाही. छापलेली ओली बाजू पुसली जाऊ नये म्हणून बाहेर पडणारा कागद चांदणीच्या आकाराच्या बारीक दातेरी चकत्यांनी धरतात; त्यांचा स्पर्श केवळ टोकांपुरताच होतो. रंगीत नमुने व कलाकृतींच्या प्रती काढणाऱ्या आयरिस यंत्रांत ताव फिरत्या दंडगोलावर घट्ट बसवीत. या यंत्रांनी उत्तम प्रती मिळत, पण प्रत्येक ताव चढविण्यात व उतरविण्यात वेळ जाई.

वेग आणि सपाटपणा : पानाच्या संपूर्ण रुंदीइतके स्थिर मुद्रणशीर्ष बसवून त्याखालून कागद न थांबता नेल्यास छपाईचा वेग अनेक पटींनी वाढतो. परंतु याच मांडणीत कागदाच्या लहानशा फुगवट्याचेही मोठे परिणाम दिसू लागतात. शीर्ष व कागद यांतील अंतर साधारणपणे १ मिमी.च्या आसपास असते आणि थेंबाचा वेग सेकंदास ५ ते १० मी. असतो. समजा, थेंबाचा वेग सेकंदास ७ मी. व कागदाचा वेग सेकंदास २ मी. आहे. कागद एखाद्या ठिकाणी ०·२५ मिमी. वर उचलला गेला, तर तेथे थेंब तितका लवकर पोहोचतो व नियोजित जागेपासून सु. ०·०७ मिमी. अंतरावर पडतो. इंचास ६०० ठिपके या प्रमाणात दोन ठिपक्यांतील अंतर सु. ०·०४ मिमी. असते, म्हणजे थेंब जवळजवळ दोन ठिपक्यांइतका चुकतो. कागदाचा वेग सेकंदास ०·१ मी. असता, तर हीच चूक ०·००४ मिमी.हून कमी, म्हणजे नगण्य ठरली असती. कागदाच्या गतीला आडव्या जाणाऱ्या देवनागरी ओळीची शिरोरेखा अशा फुगवट्यावर किंचित नागमोडी होऊ शकते. रंगीत छपाईत चार रंगांची शीर्षे एकामागून एक असल्याने फुगवटा प्रत्येकाखाली सारखा नसतो व रंग एकमेकांपासून ढळतात.

फुगवट्याचे मूळ शाईतच असते. या यंत्रांतील जलाधारित शाईचा मोठा भाग पाणी असतो. सेल्युलोजाचा तंतू पाणी शोषून लांबीच्या मानाने जाडीत कितीतरी अधिक फुगतो. कागद बनविताना बहुसंख्य तंतू यंत्राच्या दिशेने लागत असल्याने भिजलेला कागद त्या दिशेला आडवा अधिक पसरतो. जेथे शाई दाट तेथे तो पसरतो, कोरा भाग मात्र तसाच राहतो. या ओढाताणीतून लाटा उमटतात. उंच झालेली लाट शीर्षावर आदळली, तर शाईची छिद्रे बिघडतात आणि महागडे शीर्ष निकामी होऊ शकते. त्यामुळे सपाटपणाचा प्रश्न केवळ सुबकतेचा राहत नाही. यंत्र चालणे व छपाईचा खर्च परवडणे हे दोन्ही त्यावर अवलंबून असते.

धारणाच्या पद्धती : अतिवेगवान यंत्रांत प्रामुख्याने पुढील तीन पद्धती वापरतात.

(१) चोषण : छिद्रे असलेल्या पट्ट्याखालून किंवा दंडगोलाच्या आतून हवा खेचून घेतात, त्यामुळे वरील हवेचा दाब कागदास खाली दाबून ठेवतो. वातावरणीय दाबाच्या केवळ शंभराव्या हिश्शाएवढा फरक ए-४ आकाराच्या तावावर सहा कि.ग्रॅ.हून अधिक वजनाइतका जोर देतो. तावाचे स्वतःचे वजन मात्र सु. ५ ग्रॅ. असते. या पद्धतीचा दोष असा की, दोन तावांच्या मधल्या उघड्या छिद्रांतून हवा वेगाने आत जाते व कडेजवळचे थेंब त्या झोताने भरकटतात. म्हणून चोषण लागेल तेवढेच ठेवावे लागते व उघडी छिद्रे झाकण्याची योजना करावी लागते.

(२) स्थिर विद्युत् : विद्युत् निरोधक पट्ट्यावर भार निर्माण केल्यास कागद त्याकडे ओढला जाऊन चिकटतो. आलेख काढणाऱ्या अभिलेखकांत ही युक्ती पूर्वीपासून वापरली जात होती. तीत छिद्रे व हवेचा झोत नसतो. परंतु दमट हवेत किंवा ओल्या शाईमुळे कागदाची विद्युत् संवाहकता वाढते आणि पकड सैल होते. शिवाय हेच विद्युत् क्षेत्र उडत्या थेंबांनाही थोडेफार वळवू शकते.

(३) ताण व वक्रता : अखंड कागद कमानीसारख्या मांडलेल्या रुळांवरून ताणून नेला, तर ताणाचा काही अंश त्यास रुळांवर दाबून धरतो. ताण जितका अधिक व कमानीची त्रिज्या जितकी कमी, तितका हा दाब अधिक असतो. शीर्षे या कमानीवर पंख्याच्या काड्यांप्रमाणे बसवितात. रिळावरील वेगवान यंत्रांत ही पद्धती विशेष सोयीची ठरली.

जर्मनीतील ड्यूसलडॉर्फ येथे भरणाऱ्या ‘द्रुपा’ या मुद्रण प्रदर्शनात २००८ मध्ये या प्रकारची अनेक यंत्रे प्रथमच एकत्र मांडली गेली. तेथे जाहीर झालेल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या रीळयंत्राचा वेग मिनिटास १२२ मी., म्हणजे वरील उदाहरणातील वेगाएवढाच होता. फुजीफिल्मच्या जेट प्रेस ७२० या तावयंत्रात ताव चोषणाच्या दंडगोलावर धरला जातो. तत्पूर्वी शाई खोल मुरू नये म्हणून त्यावर एका द्रवाचा पातळ थर दिला जातो. केवळ धारणावर न विसंबता कागद भिजणेच कमी करावे, ही दिशा त्यातून स्पष्ट होते. छपाईनंतर लगेच वाळवण्याची व्यवस्थाही याच हेतूने करतात.

महत्त्व : इंकजेटमध्ये खिळे जुळवावे लागत नाहीत किंवा मुद्रणपट्टही करावा लागत नाही, म्हणून पुस्तकाच्या थोड्या प्रती काढणे परवडते. मोठ्या आवृत्त्यांची शक्यता नसलेल्या विषयांना व भाषांना ही सोय मोलाची आहे. तथापि नेहमीच्या, स्वस्त कागदावर ती वेगाने साधली तरच तिचा उपयोग व्यापक होतो आणि ते कागद सपाट राहण्यावर अवलंबून असते. बेनी लँडा यांनी २०१२ च्या द्रुपा प्रदर्शनात मांडलेल्या पद्धतीत थेंब कागदावर न टाकता तापविलेल्या पट्ट्यावर टाकतात. तेथे पाणी उडून जाते आणि उरलेला कोरडा शाईचा थर दाबाने कागदावर उतरविला जातो. पट्टा भिजून फुगत नाही व कागदाला पाणी लागत नाही. दाबापासून मुक्त झालेले मुद्रण सपाटपणासाठी अशा रीतीने अंशतः पुन्हा दाबाकडेच वळले. कागद धरण्याचे काम दाब जितक्या सहजपणे करीत असे, तितक्या सहजपणे ते करणारे दुसरे एकच एक साधन मुद्रणाला लाभलेले नाही, हे या इतिहासावरून लक्षात येते.