चिलीम खालीं ठेवणारा हात

तंबाखूचें व्यसन कसें लागलें, असें कोणासही विचारलें तर उत्तर बहुधा एकाच ठशाचें मिळतें: संगतीनें लागलें. तें सुटलें कसें, या प्रश्नाचीं उत्तरें मात्र माणसागणिक निराळीं असतात. कोणास लेकीनें टोकलेलें असतें, कोणास वैद्यानें बजावलेलें असतें. कोणी देवाच्या पायाशीं शपथ वाहिलेली असते, तर कोणास स्वतःचीच लाज वाटलेली असते. हीं कारणें घरगुती म्हणून बखरींत त्यांना जागा मिळत नाहीं. परंतु हिंदुस्थानांतील तंबाखूचा चारशें वर्षांचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, बादशहांचीं फर्मानें जेथें हरलीं, तेथें या घरगुती कारणांनींच अनेकदां विजय मिळविला.

तंबाखू मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून दक्षिणेंत पसरली. अकबराचा वकील असदबेग यानें ती प्रथम विजापुरांत पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास एका रत्नजडित नळीसह आग्र्याच्या दरबारांत नेली. बादशहानें दोन-चार झुरके घेतले, तोंच दरबारच्या हकिमानें हरकत घेतली. अकबरानें पुढें ती ओढली नाहीं. परंतु सरदारांना तिची चटक लागली आणि व्यापाऱ्यांना नवा माल मिळाला. याच सुमारास, १६०४ सालीं, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूच्या निषेधार्थ स्वतः एक पुस्तिका लिहिली व तिच्यावर जबर जकात बसविली. इंग्रजांनीं ती पुस्तिका वाचली आणि तंबाखू ओढणें चालूच ठेविलें.

१६१७ सालीं जहांगिरानें आपल्या राज्यांत तंबाखू ओढण्यास मनाई केली. इराणच्या शहा अब्बासानेंही तशीच बंदी घातली होती. यांतील गंमत जहांगिरानें आपल्या आत्मचरित्रांतच नोंदविली आहे. त्यानें इराणांत पाठविलेला वकील खान आलम याला तंबाखूवांचून घटकाभरही राहवत नसे. हें शहाच्या कानीं घातलें गेलें, तेव्हां शहानें त्या पाहुण्यापुरता आपला नियम सैल केला. दोन बादशहांचीं फर्मानें एका माणसाच्या सवयीपुढें नमलीं! महाराष्ट्रांतही ही वनस्पति लवकरच रुजली. १६५० सालीं वैकुंठवासी झालेल्या तुकोबांच्या गाथेंत भोंदू साधूंच्या तोंडांतील तंबाखूच्या नळीची टर उडविलेली आढळते, यावरून तिचा प्रसार किती झपाट्यानें झाला असावा याची कल्पना येते.

फर्मानें हरलीं याचें कारण तंबाखूच्या गुणांत जितकें आहे तितकेंच माणसांच्या व्यवहारांत आहे. तंबाखूंतील निकोटीन हें द्रव्य धुरावाटे कांहीं सेकंदांतच मेंदूंत पोहोंचतें आणि पुन्हां पुन्हां मागणी करूं लागतें, हें खरें. परंतु चिलीम ही एकट्याची वस्तु कधींच नव्हती. ती या हातांतून त्या हातांत फिरे. आजही एस्. टी.च्या थांब्यावर अनोळखी मनुष्य चुन्याची डबी मागतो आणि घटकेंत ओळख होते. ज्याच्या कामास ठरलेली सुटी नाहीं, त्याला विडी ही क्षणभर टेकण्याची सर्वमान्य सबब असते. बीड जिल्ह्यांतून दरसाल दसरा-दिवाळीनंतर लाखों माणसें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाची उचल घेऊन पतिपत्नीचा एक कोयता फडांत उतरला, म्हणजे पहांटेपासून मोळ्या बांधीपर्यंत उसंत अशी नसते. अशा श्रमांत तंबाखू भूक मारते आणि बसण्यास निमित्त देते. तेव्हां ती सोडणें म्हणजे केवळ एक चव सोडणें नव्हे. सोबत सोडणें, विसांवा सोडणें, आणि पुढें केलेला हात परतविणें होय. आपल्याकडे पुढें केलेला हात परतविणें हा उद्धटपणा समजला जातो. व्यसनाची खरी बळकट कडी ती हीच.

ही कडी तोडण्याचा एक जुना मार्ग याच बीड जिल्ह्यांत पाहावयास मिळतो. हा मुलूख गडांचा आहे. परंतु हे गड लढाईचे नसून कीर्तनाचे आहेत. नारायणगड, गहिनीनाथगड आणि सीमेवरचा भगवानगड हीं वारकऱ्यांचीं मोठीं स्थानें होत. पाटोदें तालुक्यांतील सावरगांव घाट येथें १८९६ सालीं जन्मलेले संत भगवानबाबा यांनीं १९६५ सालीं देह ठेवीपर्यंत या डोंगराळ भागांत गांवोगांव कीर्तनें केलीं आणि पशुहत्या व व्यसनें सोडण्याचा उपदेश केला. वारकऱ्याच्या गळ्यांत तुळशीची माळ पडते ती नियमांसह पडते: एकादशी करावी, पंढरीची वारी चुकवूं नये, मद्यमांस वर्ज्य मानावें. तंबाखूविषयीं मात्र सर्व माळकरी सारखेच कडक नसतात. पण पुष्कळांनीं माळेबरोबर तीही सोडली आहे.

या माळेचें सामर्थ्य केवळ श्रद्धेंत नाहीं. ती माणसाला नकार देण्यास एक सन्माननीय शब्द देते. "मी घेत नाहीं" असें म्हटल्यास आग्रह वाढतो. "मी माळकरी आहें" असें म्हटलें कीं आग्रह तेथेंच थांबतो, आणि आग्रह करणाराच ओशाळतो. शिवाय चिलमीची जी संगत सुटली तिच्या जागीं दिंडीची व भजनाची संगत मिळते. फर्मान नुसतें काढून घेतें. माळ काढून घेते आणि त्या जागीं दुसरें कांहीं ठेवते.

लज्जा हेंही एक बलवत्तर कारण. महात्मा गांधींनीं आपल्या आत्मकथेंत बालपणची हकीकत दिली आहे. एका नातलग मुलासह त्यांना विडीचा नाद लागला. आरंभीं चुलत्यांनीं टाकलेलीं थोटकें ओढणें झालें. पुढें पैशासाठीं नोकराच्या खिशांतील नाणीं चोरणें आलें. वडील माणसांच्या परवानगीवांचून कांहींच करतां येत नाहीं या वैतागानें दोघांनीं धोत्र्याचें बीं खाऊन मरण्याचाही बेत केला. पण ऐन वेळीं धीर खचला. त्या प्रसंगानंतर थोटकेंही सुटलीं आणि चोरीही सुटली. त्यांना कोणी कर्करोगाची भीति घातली नव्हती. एका क्षुद्र वस्तूसाठीं आपण कोठवर आलों, हें दिसलें एवढेंच.

शास्त्रज्ञांच्या बाबतींतही हाच अनुभव. लंडनमध्यें रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल हे फुप्फुसाच्या कर्करोगाचीं कारणें शोधीत होते. त्यांचा निबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला. परंतु डॉल स्वतः धूम्रपान करीत असत, आणि आंकडे हातीं येऊं लागतांच, निबंध छापून येण्यापूर्वींच, त्यांनीं तें सोडलें. अमेरिकेंतील शस्त्रवैद्य एव्हार्ट्स ग्रॅहम यांची कथा दुःखद आहे. कर्करोगासाठीं रोग्याचें एक संपूर्ण फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनीं १९३३ सालीं केली. तंबाखूवरील आरोपाविषयीं ते आरंभीं साशंक होते. पण १९५० सालीं त्यांच्याच सहभागानें झालेल्या संशोधनानें तो आरोप पुढें आणला. त्यानंतर त्यांनीं धूम्रपान सोडलें. मात्र फार उशीर झाला होता. १९५७ सालीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

आपल्याकडेही ज्ञानाचा तुटवडा नव्हता. मुंबईचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. संघवी, राव व खानोलकर यांनीं १९५५ सालींच तंबाखू ओढणें व चघळणें यांचा मुख व घसा यांच्या कर्करोगाशीं असलेला संबंध दाखवून दिला. बीडच्या दक्षिणेस असलेल्या बार्शीस १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं राज्याचे माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील मुखाच्या कर्करोगानें सत्तावन्नाव्या वर्षीं निवर्तले, तेव्हां या विद्येचा अर्थ घरोघरीं उमजला. शरद पवार यांच्यावर २००४ सालीं याच रोगासाठीं शस्त्रक्रिया झाली होती. आपल्या जुन्या सवयीबद्दलचा खेद त्यांनीं जाहीर व्यासपीठांवरून बोलून दाखविला आहे.

स्त्रियांच्या बाबतींत कारण बहुधा पोटांतलें मूल हें असतें. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे मिश्री, दांतांना लावण्याची चाल खेड्यांतील घरांत मुरलेली आहे. ती धूर करीत नाहीं, म्हणून निरुपद्रवी वाटते. मुंबईंत गर्भवती स्त्रियांची पाहणी होऊन २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, कीं तंबाखू मुखांत वापरणाऱ्या मातांचीं बालकें सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाचीं निपजतात. ज्या बाईनें स्वतःच्या दांतांची वा घशाची पर्वा केली नाहीं, ती या शंभर ग्रॅमांसाठीं मिश्रीची डबी दूर ठेवण्यास तयार होते.

याचा अर्थ कायदा निरुपयोगी असा नव्हे. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास बंदी झाली, २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटखा बंद झाला, आणि पंधरा वर्षांवरील तंबाखू सेवन करणारांचें देशांतील प्रमाण २००९-१० मधील शेंकडा ३४.६ वरून २०१६-१७ मध्यें २८.६ वर आलें. कायद्यानें मोह दूर सरतो; निश्चय मात्र ज्याचा त्यानेंच करावा लागतो.

हा निश्चय कधींच उशिराचा नसतो, असें डॉल यांच्याच पन्नास वर्षांच्या निरीक्षणानें २००४ सालीं सिद्ध केलें. धूम्रपान आयुष्याचीं सरासरी दहा वर्षें खातें. परंतु तिसाव्या वर्षीं सोडणारास जवळजवळ तीं सर्व, चाळिसाव्या वर्षीं नऊ, पन्नासाव्या वर्षीं सहा, आणि साठाव्या वर्षीं सोडणारासही तीन वर्षें परत मिळतात. पहिले दोन-तीन दिवस तगमग अतिशय होते, चिडचिड होते, झोंप उडते. तीन-चार आठवड्यांत ती बहुतांशीं शमते. तेवढ्या दिवसांत घरच्यांनीं टोमण्यांऐवजीं सोबत द्यावी, आणि मित्रांनीं पुढें केलेला हात मुकाट्यानें मागें घ्यावा. सोडणाराचें कारण कितीही लहान दिसलें, तरी त्याची थट्टा करूं नये. तें त्याचें स्वतःचें आहे, म्हणूनच तें टिकण्याचा संभव अधिक.