पाण्यांतील विषाचें माप

पिण्याचें पाणी चांगलें कीं वाईट, हें ठरविण्याच्या घरगुती कसोट्या फार जुन्या आहेत. पाणी नितळ असावें, त्यास वास नसावा आणि डाळ त्यांत लवकर शिजावी. पुढें जंतुशास्त्राचा उदय झाला व पाणी उकळून पिण्याचा प्रघात पडला. परंतु या सर्व कसोट्यांस उतरलेलें पाणीही माणसास हळूहळू पंगु करूं शकतें, हें ज्ञान विसाव्या शतकाचें होय. आणि त्याचा इतिहास दांतांवरील डागांपासून सुरू होतो.

१९०१ सालीं फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरीं व्यवसाय करूं लागले. तेथें जन्मून वाढलेल्या कित्येकांच्या दांतांवर त्यांस तपकिरी डाग आढळले. मोठेपणीं येऊन राहिलेल्यांस मात्र हा विकार नसे. त्यांचा संशय पाण्यावर गेला. १९२३ सालीं आयडाहो प्रांतांतील ओकली या गांवीं त्यांस तोच प्रकार दिसला. एका उष्ण झऱ्याचें पाणी नळानें आणल्यापासून तेथील मुलांचे दांत डागाळूं लागले होते. पृथक्करणांत कांहीं वावगें सांपडेना. तरीही मॅके यांच्या सल्ल्यावरून गांवानें तें पाणी सोडलें, आणि थोड्याच वर्षांत धाकट्या मुलांचे दांत स्वच्छ येऊं लागले. रोगाचें कारण कळण्यापूर्वींच त्याचा उपाय सिद्ध झाला!

तें कारण १९३१ सालीं उघडकीस आलें. एच. व्ही. चर्चिल या रसायनज्ञांनीं आर्कान्सासमधील बॉक्साइट गांवाच्या पाण्याची वर्णपटाच्या साह्यानें परीक्षा करविली. त्यांत दहा लक्ष भागांस १३.७ भाग फ्लोराइड निघालें.

येथून प्रश्नाचें स्वरूप पालटलें. 'पाण्यांत विष आहे काय?' यापेक्षां 'तें किती आहे, आणि किती चालेल?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्यांतील ट्रेंडली डीन यांनीं गांवोगांवचें पाणी मोजलें व तेथील मुलांचे दांत तपासून दोहोंचा मेळ घातला. दहा लक्षांस सुमारें एक भाग फ्लोराइड असल्यास दांत विद्रूप होत नाहींत, उलट ते कमी किडतात, असें त्यांस आढळलें. १९४५ सालीं तर ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यांत तें मुद्दाम मिसळण्यांत आलें. औषध आणि विष यांतील भेद मात्रेचा, हें वैद्यांचें जुनें तत्त्व येथें आंकड्यांनीं सिद्ध झालें.

परंतु १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जें पाहिलें, तें दांतांपुरतें नव्हतें. तेथील विहिरींचें पाणी वर्षानुवर्षें प्यालेल्या माणसांचे पाठीचे मणके एकमेकांस जखडून गेले होते. मान वळेना, सांधे वाकेनात. हाडांत सांठणारें फ्लोराइड स्नायुबंधांसही हाडासारखें कठीण करतें, आणि एकदां जखडलेला कणा पूर्ववत् होत नाहीं.

म्हणून केवळ पाण्याच्या पृथक्करणावरून हा धोका पुरता मोजतां येत नाहीं. कचेरींत बसणारा आणि वैशाखाच्या उन्हांत राबणारा असे दोघे एकाच विहिरीचें पाणी पीत असले, तरी दुसऱ्याच्या पोटांत तेंच द्रव्य कितीतरी अधिक जातें. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतही, हवा जितकी उष्ण तितकें हें प्रमाण कमी हवें, असें दिसून आलें. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानक १ मिलिग्रॅमच पसंत करतें, व दुसरें पाणी मिळत नसेल तरच १.५ पर्यंत सवलत देतें.

महाराष्ट्रांत यवतमाळ जिल्ह्यांतील कित्येक गांवांस हा प्रश्न परका नाहीं. उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं. पाणी आटलें तर त्याचें प्रमाण वाढतेंच. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांत 'नलगोंडा पद्धत' बसविली. तींत तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर घालून पाणी ढवळतात, गाळ बसूं देतात व वरचें निवळ पाणी घेतात. तुरटी घरोघर ठाऊक आहे. मात्र ती किती घालावी, हें त्या त्या पाण्याची परीक्षा करूनच ठरवावें लागतें.

ओकलीच्या लोकांनीं आधीं मुलांचे दांत पाहिले, मग पाण्याकडे पाहिलें. नेल्लोरांत तर तो हिशेब माणसांच्या कण्यावर लिहिला गेला. तो तेथें उतरण्यापूर्वीं परीक्षेच्या बाटलींत वाचून घेणें, हेंच या शास्त्राचें खरें कार्य होय.