मदरशाबाहेरची अकरा वर्षे

इमाम गझाली रहमतुल्लाह अलैह यांचे नाव आपल्या घरांत नवे नाही. जुम्म्याच्या बयानात ते हमखास येते. पण या थोर मुअल्लिमाचा आवाज एकदा भर वर्गात बंद पडला होता, हे आम्हां शिक्षकांनाही फारसे ठाऊक नसते.

इ. स. १०९१ मध्ये सेल्जुक वजीर निजामुल मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात नेमले. वय अवघे तेहतीस, समोर तीनशे विद्यार्थी. शिकवता शिकवताच त्यांनी तत्त्ववेत्त्यांची झडती घेणारा 'तहाफुतुल फलासिफा' लिहून पुरा केला. आणखी काय हवे? त्यांना मात्र एकच प्रश्न छळू लागला : आपण शिकवतो ते अल्लाहसाठी, की नावलौकिकासाठी? १०९५ च्या रजबपासून जवळजवळ सहा महिने ही ओढाताण चालली. शेवटी शिकवायला बसले तर तोंडातून शब्द फुटेना, घास उतरेना. हकिमांनी हात टेकले; दुखणे मनाचे आहे म्हणाले.

मुलाबाळांपुरते ठेवून बाकीची दौलत त्यांनी वाटून टाकली आणि मक्केला जातो असे सांगून बगदाद सोडले. निजामुल मुल्क यांचा १०९२ मध्ये खून झाला होता, म्हणून काही इतिहासकार यात राजकीय भीती पाहतात. असेलही. पण दमास्कसच्या जामा मशिदीच्या मिनारावर चढून, दार लावून, दिवसचे दिवस एकांतात बसणे एवढ्या भीतीने उलगडत नाही. पुढे बैतुल मुकद्दस, मग हज. अखेर मुलांच्या ओढीने ते घरी परतले. तिथे संसाराच्या विवंचनांमुळे एकांत अखंड लाभला नाही, मधूनमधूनच मिळाला, असे त्यांनी स्वतः 'अल मुन्किज' या आत्मकथनात कबूल केले आहे. आम्हांला ही कबुली फार जवळची वाटते.

याच काळात 'एहयाउल उलूम' आकाराला आला, असे अभ्यासक मानतात. चाळीस भाग, नमाज-रोजाबरोबर जेवण, निकाह, कमाई, प्रवास, दोस्ती, सारे त्यात आहे. वादात जिंकण्यासाठी लिहिणारा माणूस आता माणसाच्या रोजच्या जगण्याविषयी लिहू लागला. १०९६ पूर्वीच्या त्या वादपटूला हे सुचले असते का, अशी आम्हांला शंका आहे. १०९५ मध्ये सोडलेले सरकारी मदरशातले अध्यापन त्यांनी ११०६ मध्ये निशापूरला पुन्हा पत्करले. पूर्वी मरतबा मिळवून देणारे इल्म शिकवत होतो, आता मरतबा सोडायला लावणारे शिकवतो, असा त्यांचा खुलासा आहे.

'एहया'त मुलांच्या तरबियतीचे एक प्रकरण आहे. मकतब सुटल्यावर मुलाला मनसोक्त खेळू द्यावे, त्याचा शीण जाऊ द्यावा, असे इमामसाहेब तिथे सांगतात. खेळ तोडून सतत अभ्यासाला जुंपले तर मुलाचे मन मरते, बुद्धी बोथट होते.

दहावीच्या वर्गाची खेळाची तासिका फेब्रुवारीत कुणीतरी मागून घेतो. कधी गणितवाले, कधी इंग्रजीवाले. आम्हीही घेतली आहे.